पेट्रोलचा काटा चुकतो कसा, ते आधी पाहा

जुन्या गाडीतील पेट्रोलचा काटा बिघडला की आपल्याकडे बहुधा दोनच सल्ले मिळतात. टाकीतले पेट्रोलची पातळी मोजणारे युनिट बदलून टाका, हा पहिला. आणि काट्याकडे बघूच नका, टाकी भरून किलोमीटर मोजत चला, हा दुसरा. कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका गॅरेजमध्ये मला हे दोन्ही सल्ले एकाच भेटीत मिळाले. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु पहिल्या सल्ल्यात कारण न शोधता खर्च आहे, आणि दुसऱ्यात दोष तसाच ठेवून गाडी चालवणे आहे. रात्रीच्या पावसात गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना टाकीत किती पेट्रोल शिल्लक आहे हे ठाऊक नसणे, ही मला किरकोळ गैरसोय वाटत नाही. म्हणून या विषयावर सविस्तर लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की बिघडलेला काटा मनाला येईल तसा चुकत नाही. त्याच्या चुकण्याला बहुतेक वेळा एक ठरावीक रीत असते, आणि ती रीत शांतपणे पाहिली तर पाना हातात घेण्यापूर्वीच दोष टाकीत आहे, वायरिंगमध्ये आहे की मीटरमध्ये, याचा बराचसा उलगडा होतो.

त्यासाठी यंत्रणा समजून घ्यावी लागते, आणि ती मुळीच अवघड नाही. टाकीत एक फ्लोट असतो, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ पितळी किंवा प्लास्टिकचा तुकडा. तो एका दांडीला जोडलेला असतो, आणि दांडी वरखाली झाली की तिच्या दुसऱ्या टोकाची पत्र्याची जीभ एका रोधकाच्या पट्टीवरून सरकते. जुन्या युनिटमध्ये या पट्टीवर निक्रोमची अतिशय बारीक तार गुंडाळलेली असते. जीभ जिथे टेकते, त्यानुसार विजेच्या वाटेत येणारा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, कमीजास्त होतो. बॅटरीचा प्रवाह स्विच आणि फ्यूजमधून डॅशबोर्डवरील मीटरमध्ये येतो, तिथून एका वायरने टाकीवरील युनिटपर्यंत जातो, रोधकातून पार होतो आणि बॉडीच्या अर्थमधून, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून जाणाऱ्या परतीच्या वाटेने, बॅटरीकडे परततो. या वाटेवर कुठेही अडथळा आला, तर काट्याला त्यातला आणि पेट्रोलच्या पातळीतला फरक कळण्याचा काही मार्ग नाही. त्याला फक्त एकूण रोध दिसतो.

हा रोध सर्व गाड्यांत एकाच दिशेने बदलत नाही, ही बाब अनेक वायरमन मंडळींच्याही लक्षात राहत नाही. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या जपानी धर्तीच्या गाड्यांत टाकी भरलेली असताना रोध अवघा काही ओहम (ओहम हे रोध मोजण्याचे एकक) असतो आणि रिकामी असताना तो शंभर-सव्वाशे ओहमपर्यंत चढतो. जनरल मोटर्सच्या जुन्या अमेरिकी गाड्यांत याच्या नेमके उलट, म्हणजे रिकाम्या टाकीला 0 आणि भरलेल्या टाकीला 90 ओहम, असे गणित असते. आणि व्हीडीओ (VDO) या युरोपीय कंपनीच्या पद्धतीच्या युनिटमध्ये ते 10 ते 180 ओहम असते. त्यामुळे टाकीवरील वायर सुटली, तर जपानी धर्तीच्या गाडीत काटा रिकाम्या खुणेवर पडतो, तर अमेरिकी पद्धतीच्या गाडीत तो भरलेल्या खुणेच्याही पलीकडे जातो. आपली गाडी कोणत्या पद्धतीची आहे हे माहीत नसताना केलेली कोणतीही तपासणी उलटा निष्कर्ष देऊ शकते.

मीटरचा प्रकारही ओळखून ठेवावा. जुन्या गाड्यांतील पुष्कळ मीटर उष्णतेवर चालतात: आत दोन धातूंची एक जोडपट्टी असते, तिच्याभोवती तार गुंडाळलेली असते, प्रवाहाने ती तापते, पट्टी वाकते आणि काटा सरकतो. असा काटा स्विच चालू केल्यावर सावकाश चढतो आणि बंद केल्यावर सावकाश उतरतो. तो झटक्यात हलूच शकत नाही, आणि म्हणूनच खड्ड्यांतून जाताना पेट्रोल टाकीत कितीही हिंदकळले, तरी तो बऱ्यापैकी स्थिर राहतो. याउलट चुंबकीय कॉइलवर चालणारा काटा चटकन प्रतिसाद देतो. तुमच्या गाडीतला काटा पूर्वी संथ होता आणि आजही संथपणेच खालीवर होत असेल, तर सैल जोडणीमुळे होणारी क्षणिक तुटातूट तुम्हाला थरथरीच्या रूपात दिसणार नाही; ती हळूहळू खाली घसरण्याच्या रूपात दिसेल. ही एक गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे सैल कपलर (वायरी जोडणारा प्लग) असलेल्या कितीतरी गाड्यांची टाकी विनाकारण उघडली जाते.

उष्णतेवर चालणाऱ्या मीटरला विजेचा स्थिर दाब (व्होल्टेज) लागतो. बॅटरी विश्रांतीत साडेबारा व्होल्टच्या आसपास असते, तर इंजिन चालू असताना चौदा व्होल्टच्या पुढे जाते, आणि एवढ्या फरकाने काटा सहज चुकेल. म्हणून मीटरच्या मागे एक छोटा व्होल्टेज रेग्युलेटर असतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तो सरासरी 10 व्होल्ट देतो, तर अनेक जपानी गाड्यांत 7 व्होल्टच्या आसपास. जुन्या प्रकारचा रेग्युलेटर हा दाब सतत चालू-बंद होऊन देत असतो, त्यामुळे त्याच्या टोकाला डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजण्याचे उपकरण) लावला की आकडे नाचतात आणि टेस्ट लॅम्प लुकलुकतो. तो त्याचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. बिघाड ओळखण्याची खूण वेगळी आहे. पुष्कळ गाड्यांत हाच रेग्युलेटर पेट्रोल आणि तापमान या दोन्ही मीटरना दाब पुरवतो. म्हणून दोन्ही काटे एकाच वेळी, एकाच दिशेने चुकू लागले, तर टाकीकडे जाऊच नये. दोष बहुधा रेग्युलेटरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये असतो. अशा रेग्युलेटरचा अर्थ तुटला तर तो चालू-बंद होणे थांबवतो, बॅटरीचा पूर्ण दाब पुढे सोडतो, आणि दोन्ही काटे असायला हवेत त्यापेक्षा वर जातात. तापमानाचा काटा व्यवस्थित असेल आणि फक्त पेट्रोलचा चुकत असेल, तर मात्र शोध मीटरपासून मागच्या बाजूला न्यावा.

माझी गाडी 1990 च्या दशकातली, कार्ब्युरेटरची, एमएच 09 क्रमांकाची छोटी पेट्रोल मोटार आहे. तिच्या तापमानाच्या काट्याची कधीच तक्रार नव्हती. दिवसा पेट्रोलचा काटाही बऱ्यापैकी खरे बोलत असे. रात्री दिवे लावले, की तो थोडा खाली येई. आणि दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभे राहिले, की हळूहळू आणखी उतरत जाई. ब्रेक सोडून गाडी सपाट रस्त्याने पुढे निघाली, की पुन्हा पूर्वीच्या जागी चढे. गाडी थांबताना पेट्रोल टाकीत पुढे सरकते, म्हणून असे होत असावे, असे सुरुवातीला कोणीही म्हणेल. परंतु घराच्या अंगणात, सपाट फरशीवर, जागेवर उभ्या असलेल्या गाडीतही नुसता ब्रेक दाबल्यावर तेच घडत होते. पेट्रोल हलत नसताना काटा हलत असेल, तर टाकीचा संबंध संपला. संबंध ब्रेकच्या दिव्यांशी आहे, आणि दिवे व टाकीचे युनिट या दोहोंत सामाईक असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे अर्थ.

इथे थोडे गणित करावेसे वाटते, कारण अर्थचा दोष किती लहान असूनही किती परिणाम करतो हे त्यावाचून पटत नाही. ब्रेकचे दोन दिवे प्रत्येकी 21 वॉटचे धरले, तर ते मिळून साडेतीन अँपिअर प्रवाह घेतात. अर्थच्या बोल्टपाशी गंजामुळे केवळ 0.3 ओहमचा रोध तयार झाला असेल, तर साडेतीन अँपिअरमुळे त्या जागी एक व्होल्टहून किंचित अधिक दाब साठतो. टाकीच्या युनिटचा पायाच मग शून्यावर न राहता एक व्होल्टवर उचलला जातो, आणि सात व्होल्टवर चालणाऱ्या मीटरच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. काटा खाली येतो. गंमत अशी, की हा 0.3 ओहम तुम्ही मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजायला गेलात तर सापडणारच नाही, कारण साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या दोन वायरी जवळजवळ तेवढाच रोध दाखवतात. अर्थ प्रवाह चालू ठेवूनच तपासावा लागतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक टाकीच्या युनिटच्या अर्थ टोकाला, दुसरे थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावायचे, आणि कोणाला तरी दिवे लावून ब्रेक दाबायला सांगायचे. आकडा दशांश व्होल्टच्या आत राहिला, तर अर्थ चांगला. माझ्या गाडीत पुतण्याने ब्रेक दाबताच तो शून्याजवळून उडी मारून एक व्होल्टच्या आसपास गेला.

अर्थचा दुसरा प्रकार असा, की फक्त युनिटचाच स्वतंत्र अर्थ खराब असतो आणि त्यात काही ओहमची भर पडते. त्याची खूण निराळी असते. समजा दहा ओहम वाढले. जपानी धर्तीच्या गाडीत भरलेल्या टाकीला चार-पाच ओहम असायला हवेत, तिथे पंधरा होतात, म्हणजे तिप्पट; पण रिकाम्या टाकीच्या शंभर-सव्वाशे ओहममध्ये दहाची भर जवळजवळ जाणवत नाही. म्हणून टाकी तुडुंब भरूनही काटा वरच्या खुणेपर्यंत पोहोचत नाही, आणि रिकामी होत आली की मात्र बरोबर दाखवू लागतो. पंपावर काटा वर गेला नाही, म्हणून पेट्रोल कमी मिळाल्याचा संशय घेण्यापूर्वी ही शक्यता तपासावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

माझ्या गाडीचा मागचा अर्थ डिकीच्या खालच्या बाजूला एका बोल्टवर होता. तळाला गंजरोधक काळा लेप मारताना तो बोल्ट सोडून पुन्हा बसवला गेला होता, आणि थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) व पत्रा यांच्यामध्ये लेपाचा थर येऊन बसला होता. गगनबावडा, राधानगरी या भागातला लाल चिखल त्याच्यावर थापला जाऊन महिनोन्‌महिने ओल धरून राहतो, आणि पावसाळा संपला तरी खालचा गंज थांबत नाही. थिंबल कापून टाकले, वायरचे काळे पडलेले तांबे मागे शुद्ध दिसेपर्यंत सोलले, नवे थिंबल दाबून त्याला डाख दिला, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि मग वरून ग्रीस लावले. ग्रीस शेवटी लावायचे, आधी नाही. शिवाय टाकीच्या युनिटसाठी एक वेगळी अर्थ वायर टाकली, म्हणजे यापुढे दिव्यांचा आणि काट्याचा मार्ग एक राहणार नाही. ब्रेक दाबला तरी काटा जागचा हलला नाही, हे पाहताना मनापासून आनंद झाला.

पुराच्या पाण्यात राहिलेल्या गाड्यांविषयी इथेच सांगून ठेवतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. इंजिन आणि सीट यांची दुरुस्ती झाली, पण मागच्या वायरिंगचे कपलर उघडून पाहिले गेलेच असे नाही. अशा गाडीचा काटा आज बिघडला असेल, तर कपलर उघडून पितळी टोकांवर हिरवा थर आला आहे का, ते प्रथम पाहावे.

अर्थ दुरुस्त झाला, तरी माझा काटा पूर्णपणे सुधारला नव्हता. पाव टाकीच्या किंचित खाली आला, की तो तिथून सरळ रिकाम्या खुणेकडे घसरू लागे, आणि पन्हाळ्याच्या चढाला लागले की पुन्हा उठे. दोन दोष एकाच वेळी असणे जुन्या गाडीत मुळीच दुर्मिळ नाही, आणि एक दुरुस्त झाल्यावरच दुसरा स्पष्ट दिसतो. या दुसऱ्या दोषाची रीत अगदी वेगळी होती. दिव्यांशी त्याचा संबंध नव्हता, पावसाशी नव्हता, फक्त एका ठरावीक पातळीशी होता. एकाच पातळीवर नेमाने चुकणारा काटा म्हणजे रोधकाच्या पट्टीवर एक मृत जागा, जिथे तार झिजली आहे किंवा काळी पडली आहे आणि जीभ तिथे टेकूनही टेकत नाही. चढावर पेट्रोल मागे सरकते, फ्लोटची उंची बदलते, जीभ त्या जागेवरून बाजूला होते आणि काटा परत येतो. आपल्यापैकी बरेच जण टाकी क्वचितच पूर्ण भरतात आणि पाव ते अर्ध्या टाकीतच गाडी फिरवतात, म्हणून पट्टीचा तोच भाग सर्वाधिक घासला जातो.

टाकी उघडण्याआधी, डॅशबोर्डपासून टाकीपर्यंतची वायर ठीक आहे हे मी पाहून घेतले. टाकीवरील कपलर सोडून त्या वायरच्या टोकाला 12 व्होल्ट 3.4 वॉटचा छोटा बल्ब जोडायचा, बल्बचे दुसरे टोक अर्थला लावायचे आणि स्विच चालू करायचा. बल्ब पेटला आणि जपानी धर्तीच्या गाडीत काटा भरलेल्या खुणेकडे चढू लागला, तर मीटर व वायर दोन्ही शाबूत आहेत. हीच वायर कोणी थेट बॉडीला टेकवून तपासतात. क्षणभरापुरते ते चालूनही जाते, पण उष्णतेवर चालणाऱ्या मीटरमधून जास्त वेळ पूर्ण प्रवाह गेला तर त्याची तार जळते, म्हणून मी बल्बच पसंत करतो.

टाकी उघडण्याबाबत मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते, आणि आपल्या हवामानात कोणत्याही ऋतूत पेट घेऊ शकते. बंद शेडमध्ये हे काम करू नये. आधी बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडावे. आसपास विडी-सिगारेट, ग्राइंडर, वेल्डिंग काही नसावे. आणि अग्निशामक हाताशी असावा. टाकीत पेट्रोल शक्य तितके कमी ठेवावे. माझ्या गाडीत मागच्या सीटखाली झाकण असल्यामुळे टाकी उतरवावी लागली नाही. ज्या गाडीत ती उतरवावीच लागते, तिथे हे काम अनुभवी मिस्त्रीकडेच द्यावे.

युनिट बाहेर काढून, पुसून, वाळवून त्याचा रोध मोजताना काट्याचा जुना मल्टिमीटर डिजिटलपेक्षा सरस ठरतो. डिजिटल मीटर सेकंदाला मोजक्याच वेळा वाचन घेतो, आणि दांडी सरकवताना मधेच क्षणभर तुटलेली जोडणी त्याच्या नजरेतून निसटू शकते. काट्याचा मीटर दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेत असताना प्रत्येक अडखळणे दाखवतो. माझ्या युनिटमध्ये पाव टाकीच्या जागी काटा स्पष्टपणे उडाला. पट्टी काँटॅक्ट क्लीनरने आणि मऊ कापडाने स्वच्छ केली. तिथे पॉलिश पेपर वापरू नये, कारण ती तार इतकी बारीक असते, की दोन-चार घासण्यांत तुटू शकते. जीभ अगदी थोडी बाजूला वाकवून ती तारेच्या न झिजलेल्या कडेवर टेकेल अशी केली, आणि तिचा दाब किंचित वाढवला. पुन्हा मोजल्यावर रोध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग बदलत गेला.

फ्लोटही त्याच वेळी पाहून घ्यावा. पितळी फ्लोट कानाजवळ हलवला आणि आत द्रव खळखळला, तर तो गळका आहे. असा फ्लोट बुडतो आणि काटा टाकी भरली तरी खालीच पडून राहतो. तो गरम पाण्यात बुडवला की छिद्रातून बुडबुडे येतात आणि जागा कळते. त्याला डाख देण्याचा मोह होतो, पण आत पेट्रोलचा अंश असताना त्याला उष्णता देणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण आहे. फ्लोट बदलणे स्वस्त पडते.

युनिट परत बसवताना जुने पॅकिंग पुन्हा वापरू नये, आणि नवे घेताना ते इथेनॉल सहन करणारे आहे का, हे विचारून घ्यावे. 2023 च्या फेब्रुवारीपासून देशात 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने विक्रीस येऊ लागले. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलरींतही इथेनॉल तयार होते, आणि ऊसकऱ्याला त्याचा आधार मिळतो, याचे मला मोल आहे. परंतु जुन्या गाड्यांची रबरे आणि धातू या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते, हेही तितकेच खरे आहे. जी जुनी गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते, तिच्या टाकीत ओलावा राहतो आणि युनिटच्या धातूच्या भागांवर गंज धरतो. गाडी नियमित फिरवणे आणि टाकीत फार जुने पेट्रोल साठू न देणे, एवढे तरी आपल्या हातात असते.

युनिट खरोखरच संपले असेल आणि नवे घ्यायचे असेल, तर लक्ष्मीपुरीत किंवा अन्यत्र दुकानात जाताना जुने युनिट आणि मल्टिमीटर सोबत न्यावा. भोके जुळली, दांडीची लांबी जुळली, म्हणून युनिट जुळले असे होत नाही. फ्लोट वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला असताना रोध किती आहे, हे काउंटरवरच मोजून जुन्याशी ताडून पाहावे. जुळत नसेल, तर वायरमध्ये जादा रोधक बसवून काटा जुळवण्याचा उपाय काही जण सुचवतात. तो एका टोकाला जुळतो आणि मध्ये फसतो, म्हणून मला तो मान्य नाही.

सर्व काही बसवल्यावर शेवटचे काम उरते ते खुणा पडताळण्याचे. टाकीचा आकार सरळ पेटीसारखा नसतो, म्हणून अर्ध्या खुणेवर काटा असताना टाकी बरोबर निम्मी असेलच असे नाही. जवळजवळ रिकाम्या टाकीपासून सुरुवात करून, सपाट जागी गाडी उभी करून, पंपावर थोडे थोडे लिटर मोजून भरत जावे, प्रत्येक वेळी काटा स्थिरावेपर्यंत थांबावे आणि तो कुठे आला ते वहीत लिहावे. माझ्या गाडीत पाव खुणेवर प्रत्यक्षात पाव टाकीपेक्षा थोडे कमी पेट्रोल असते, असे त्यातून निघाले. घाटाकडे निघायचे असेल, तर काटा त्या खुणेला पोहोचण्याआधीच मी पेट्रोल भरून घेतो.